खोबरेल तेल: ताटात किती आणि अंगाला कसे

तुम्ही लिहिता की मालवणच्या तुमच्या घरी मासे पिढ्यान्पिढ्या खोबरेल तेलातच तळले जातात. अँजिओप्लास्टीनंतर मुंबईच्या डॉक्टरांनी वडिलांना ते तेल पूर्ण बंद करायला सांगितले आहे, तर त्याच घरात तुमचा धाकटा भाऊ वजन उतरावे म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे ‘व्हर्जिन’ खोबरेल तेल पितो आहे. शिवाय तुमच्या दोन महिन्यांच्या बाळाची मालिशही याच तेलाने होते आणि ती करणाऱ्या मावशी बाळाच्या नाकाकानातही तेल सोडतात. यांपैकी कोणाचे बरोबर, असे तुम्ही विचारले आहे.

आधी थोडक्यात उत्तर देतो. वडिलांच्या डॉक्टरांचा सल्ला रोजच्या स्वयंपाकापुरता बरोबर आहे. मात्र तो पाळताना नारळ घरातून हद्दपार करण्याचे कारण नाही. भावाने तेल पिणे आजच थांबवावे. बाळाच्या अंगाला हे तेल चांगले आहे, पण नाकात आणि कानात त्याचा एक थेंबही जाता कामा नये. दक्षिण कोकणात फिजिशियन म्हणून काम करत असल्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्यासमोर सतत येतात, आणि प्रत्येकाच्या मागे नारळाबद्दलची माया असते हेही मी जाणतो. म्हणून कारणे जरा सविस्तर सांगतो.

कोणत्याही खाद्यतेलाचे शरीरात काय होते ते त्यातल्या मेदाम्लांवरून, म्हणजे फॅटी ॲसिडांवरून, ठरते. खोबरेल तेलातला सुमारे ८५ ते ९० टक्के भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाचा असतो. लोण्यात हे प्रमाण साधारण ५० टक्के, तुपात ६० ते ६५ टक्क्यांच्या घरात, तर शेंगदाणा तेलात २० टक्क्यांच्या आसपास असते. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या लॉरिक आम्लाचा, १८ टक्क्यांच्या आसपास मिरिस्टिक आम्लाचा आणि ८–९ टक्के पामिटिक आम्लाचा असतो. थंडीच्या सकाळी बाटलीतले तेल गोठते ते याच रचनेमुळे, कारण ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होऊ लागते. वनस्पतीपासून मिळालेले असल्याने या तेलात कोलेस्टेरॉल नसते, हे बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि ते खरेही आहे. परंतु रक्तातले कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतात तयार होते आणि यकृतच ते रक्तातून उचलून घेते. संपृक्त मेद जास्त झाला की एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलणारे यकृताच्या पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) मंदावतात आणि एलडीएल रक्तात साचत राहते. तेलात कोलेस्टेरॉल आहे की नाही, याला या बाबतीत फारसे महत्त्व उरत नाही.

आता पुराव्याकडे वळू. २०२० साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगविषयक नियतकालिकात १६ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल तेल खाणाऱ्यांचे एलडीएल दर डेसीलिटरला सरासरी १० मिलीग्रॅमने आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, सुमारे ४ मिलीग्रॅमने वाढलेले त्यात आढळले. त्याआधी २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननेही हाच निष्कर्ष काढून खोबरेल तेल न वापरण्याचा सल्ला दिला होता. पुढच्याच वर्षी हार्वर्डशी संबंधित एका प्राध्यापिकेने जर्मनीतल्या व्याख्यानात या तेलाला ‘निव्वळ विष’ म्हटले आणि ते वाक्य जगभर फिरले. मला ते वाक्य मान्य नाही. दहा मिलीग्रॅमची वाढ म्हणजे विषबाधा नव्हे. पण ती नगण्यही नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांवरून आपल्याला ठाऊक आहे की एलडीएल ३९ मिलीग्रॅमने उतरले तर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. हा हिशेब उलट्या दिशेने वाचला तर दहा मिलीग्रॅम वर्षानुवर्षे चढे राहिल्याचा अर्थ कळतो. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याने तो अधिकच गांभीर्याने घ्यायला हवा.

“पण चांगले कोलेस्टेरॉलही वाढते ना?” हा पुढचा प्रश्न बहुतेक जण विचारतात. एचडीएल वाढते, यात वाद नाही. वाद आहे तो या वाढीने हृदयाचे रक्षण होते का, याबद्दल. गेल्या दीड दशकात एचडीएल वाढवणारी अनेक औषधे मोठ्या चाचण्यांमध्ये तपासली गेली. नायसिनच्या चाचण्यांत आणि डॅलसेट्रापिब या औषधाच्या चाचणीत एचडीएल उत्तम वाढले, पण झटके काही कमी झाले नाहीत. ज्यांचे एचडीएल जनुकांमुळेच जन्मतः थोडे जास्त असते त्यांनाही त्या कारणाने हृदयविकार कमी होतो असे दिसले नाही. एचडीएल कमी असणे ही धोक्याची खूण आहे. मात्र ते कशानेही वाढवले की धोका टळतो असे समजण्यास आधार उरलेला नाही. म्हणून एलडीएलमधली वाढ आणि एचडीएलमधली वाढ एकमेकींतून वजा करून ‘हिशेब फिटला’ म्हणता येत नाही.

खोबरेल तेलाच्या बाजूने दिले जाणारे तीन दाखले मात्र प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत, कारण तेही खरे अभ्यास आहेत. पहिला दाखला पॅसिफिक महासागरातल्या पुकापुका आणि टोकेलाऊ या बेटांचा. तिथल्या लोकांच्या आहारात पुकापुकावर सुमारे ३४ टक्के आणि टोकेलाऊवर तब्बल ६३ टक्के ऊर्जा नारळातून येत असे, आणि तरीही हृदयविकार क्वचितच दिसत असे, असे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदवले आहे. हा दाखला देणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: टोकेलाऊवर नारळ जास्त खाल्ला जाई आणि तिथल्या लोकांचे कोलेस्टेरॉलही पुकापुकाच्या लोकांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. शिवाय हे लोक प्रामुख्याने अख्खे खोबरे, मासे आणि कंद-फळे खात, साखर फार थोडी खात आणि अंगमेहनत भरपूर करत. दिवसभर खुर्चीत बसून, मैदा आणि साखर खाऊन वर दोन चमचे तेल पिणाऱ्या माणसाला या बेटांचे उदाहरण लागू पडत नाही.

दुसरा दाखला केरळचा. कोचीच्या अमृता इन्स्टिट्यूटमध्ये हृदयविकाराच्या २०० रुग्णांना दोन गटांत विभागून दोन वर्षे एका गटाला खोबरेल तेलात आणि दुसऱ्याला सूर्यफूल तेलात स्वयंपाक करायला सांगितले गेले. शेवटी दोन्ही गटांच्या कोलेस्टेरॉलमध्ये किंवा हृदयाच्या घटनांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. हा निबंध २०१६ साली ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये आला. तो मी आदराने वाचतो, कारण आपल्याच मातीतल्या, आपल्यासारखे जेवणाऱ्या रुग्णांवरचे असे काम दुर्मीळ आहे. पण त्यातले बहुतेक सर्व रुग्ण स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेत होते. यकृतातल्या कोलेस्टेरॉलच्या निर्मितीलाच ती गोळी लगाम घालते, त्यामुळे तेलाचा लहानसा परिणाम तिच्यामागे झाकला जाऊ शकतो. आणि झटक्यांतला फरक ओळखण्यासाठी दोनशे माणसे आणि दोन वर्षे पुरत नाहीत. त्यातून मी एवढाच अर्थ घेतो की नियमित औषध घेणाऱ्या रुग्णाच्या स्वयंपाकात थोडे खोबरेल तेल आले तर घाबरून जाण्याचे कारण नाही.

तिसरा दाखला २०१८ सालचा, केंब्रिजच्या संशोधकांचा. पन्नाशी ओलांडलेल्या निरोगी लोकांनी चार आठवडे रोज ५० ग्रॅम लोणी, ऑलिव्ह तेल किंवा व्हर्जिन खोबरेल तेल खाल्ले. लोण्याने एलडीएल वाढले, खोबरेल तेलाने ते ऑलिव्ह तेलाहून वेगळे वागले नाही. याचे मलाही कुतूहल आहे. तथापि चार आठवड्यांचा एक अभ्यास सोळा चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षाला बाजूला सारू शकत नाही. तोल अजूनही एलडीएल वाढण्याच्याच बाजूने आहे, फक्त खोबरेल तेल लोण्याइतके वाईट नसावे, एवढे म्हणायला जागा आहे.

यातून तुमच्या वडिलांसाठी काय निघते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संपृक्त मेदातून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी. २००० कॅलरींच्या आहारात हे साधारण २२ ग्रॅम होतात. ज्यांना एलडीएल उतरवायचे आहे त्यांच्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन ५ ते ६ टक्के, म्हणजे ११ ते १३ ग्रॅम सांगते. खोबरेल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १४ ग्रॅममध्ये, १२ ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद असतो. म्हणजे एका चमच्यातच वडिलांचा दिवसाचा वाटा संपतो, आणि अजून दूध, चहा, ओल्या खोबऱ्याचे वाटप हे सगळे यायचेच असते. अँजिओप्लास्टीनंतर एलडीएल ७० च्या खाली, आणि आता बऱ्याच मार्गदर्शक सूचनांनुसार ५५ च्या खाली ठेवायचे असते. ते काम मुख्यतः गोळी करते, पण ताटातून तिच्याविरुद्ध जोर लावण्यात अर्थ नाही.

म्हणून मी माझ्या अशा रुग्णांना पुढीलप्रमाणे सांगतो. रोजच्या फोडणीला आणि तळणाला शेंगदाणा, करडई, तीळ किंवा राइस ब्रान यांपैकी तेले आलटून-पालटून वापरावीत. घरात माणशी महिन्याला सगळी तेले मिळून साधारण अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नये. बांगडा किंवा सुरमई तळण्याऐवजी आठवड्यातले बहुतेक दिवस तिखल्यात किंवा कालवणात यावी, आणि जेव्हा फ्राय करायची तेव्हा तव्यावर चमचाभर तेलात, रव्याचा थर पातळ ठेवून परतावी, कारण जाड रवा तेल पितो. महिन्यातून एखाद-दोनदा, सणावाराला, तेच मासे खोबरेल तेलात तळले तर त्यात काही बिघडत नाही. वाटपातल्या ओल्या खोबऱ्याची मात्र गोष्ट वेगळी आहे. ओल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश भाग मेदाचा असतो, पण त्याबरोबर चोथा म्हणजे तंतूही असतो, आणि चारजणांच्या कालवणात अर्धी वाटी खोबरे पडले तर एकाच्या वाट्याला फार येत नाही. सोलकढीच्या घट्ट पहिल्या दुधात मेद जास्त उतरतो, म्हणून वडिलांसाठी दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याची पातळ सोलकढी करावी. चव राहते आणि जेवणाचा आनंदही राहतो. डॉक्टरांना विचारून दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, करून घ्यावे. एलडीएल उद्दिष्टाच्या खाली असेल तर या व्यवस्थेत बदल करायची गरज नाही. वर असेल तर आधी गोळ्या नियमित घेतल्या जात आहेत का ते पाहावे, मग तेल आणखी कमी करावे.

आता भावाविषयी. त्याला ज्याने कोणी हे तेल सुचवले असेल त्याने ‘एमसीटी’, म्हणजे मध्यम साखळीचे मेद, हा शब्द नक्कीच वापरला असेल. कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही मध्यम साखळीची आम्ले आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि तिथे चटकन जळतात, हे खरे आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधिका मेरी-पिएर सेंट-ओंज यांच्या अभ्यासांत अशा तेलाने वजन किंचित जास्त उतरलेले दिसले. पण ते तेल खास बनवलेले, जवळपास पूर्णपणे एमसीटी असलेले होते. खोबरेल तेलात ही दोन आम्ले मिळून जेमतेम १३–१५ टक्के असतात, आणि आपल्या अभ्यासाचा दाखला देऊन खोबरेल तेल विकले जाते याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीरपणे खुलासा केला आहे. लॉरिक आम्लाची गणना पुस्तकात मध्यम साखळीत होत असली तरी शरीरात त्याचा बहुतांश भाग इतर लांब साखळीच्या मेदांप्रमाणेच लसीकेतून (लिम्फ वाहून नेणाऱ्या नलिकांतून), कायलोमायक्रॉन या मेदवाहू कणांमध्ये बसून, रक्तात येतो. त्यामुळे ‘हे तेल अंगाला लागत नाही’ या म्हणण्याला आधार नाही. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे २४० कॅलरी, म्हणजे दोन-अडीच पोळ्यांएवढ्या. त्या जेवणातून वजा न करता वर घेतल्या तर वजन वाढायचेच. त्याने जर तेलाबरोबर भात आणि साखर कमी करून थोडे वजन उतरवले असेल तर त्याचे श्रेय त्या कमी केलेल्या भाताला आणि साखरेला आहे. याच तेलाने स्मृतिभ्रंश बरा होतो, थायरॉइड सुधारते, मधुमेह आटोक्यात येतो असेही सांगितले जाते. यांपैकी कशालाही औषध थांबवावे इतका पुरावा नाही, आणि औषध थांबवून तेलावर विसंबलेले रुग्ण बिघडलेल्या अवस्थेत माझ्याकडे आलेले आहेत. म्हणून याबाबत मी आग्रहाने बोलतो.

‘व्हर्जिन’ या शब्दाविषयीही गैरसमज आहे. ओल्या नारळाच्या दुधातून काढलेले तेल, सुक्या खोबऱ्याचे घाण्याचे तेल आणि कारखान्यात शुद्ध केलेले तेल या तिन्हींतली मेदाम्ले जवळजवळ सारखीच असतात. पहिल्यात वास, चव आणि पॉलिफेनॉल नावाची काही वनस्पतिज द्रव्ये टिकून राहतात, एवढाच मुख्य फरक. कोकणात नारळाचे दूध मंद आचेवर आटवून काढलेल्या अशाच तेलाला आवेल म्हणतात आणि ते तान्ह्या बाळासाठी राखून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. हृदयाच्या दृष्टीने मात्र महागडे आवेल आणि साधे घाण्याचे तेल यांत मोठा फरक मानण्याचे कारण नाही.

तळणासाठी या तेलाचा एक खरा गुण सांगितला पाहिजे. संपृक्त मेदात दुहेरी बंध नसल्यामुळे ते तापवल्यावर सूर्यफूल तेलासारखे लवकर विघटित होत नाही. शुद्ध केलेले खोबरेल तेल २०० अंशांच्या वर जाईपर्यंत धुरकटत नाही. न शुद्ध केलेले मात्र १७५ अंशांच्या आसपासच धूर सोडू लागते, त्यामुळे ते मोठ्या आचेच्या तळणाला वापरू नये. कोणतेही तेल पुन्हा पुन्हा तापवणे टाळावेच. वापरलेल्या तेलातली ध्रुवीय संयुगे, म्हणजे तापून तेल फुटल्यावर तयार होणारी द्रव्ये, २५ टक्क्यांवर गेली तर ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळपट झाले, फेसाळले किंवा चिकट झाले की टाकून द्यावे.

खरेदीबाबत जे सांगतो ते घाण्यावर तेल काढून आणणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. आपल्याकडे नारळ फोडून वाट्या उन्हात घालतात. करवंटी सुटली की खोबरे आणखी वाळवतात. उन्हाळ्यात हे नीट होते. पण अवकाळी पाऊस पडला किंवा अर्धवट वाळलेल्या वाट्या पोत्यात भरून ठेवल्या की आतल्या बाजूला हिरवट, पिवळट किंवा काळसर बुरशी धरते. व्यापारी मंडळी ती पुसून, गंधकाची धुरी देऊन खोबरे पांढरे करतात. या बुरशीतली एक जात अफलाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. कारखान्यातल्या शुद्धीकरणात ते बव्हंशी निघून जाते, घाण्याच्या कच्च्या तेलात मात्र काही प्रमाणात राहू शकते. म्हणून घाण्यावर जाण्यापूर्वी वाट्या एकेक करून उजेडात पाहाव्यात. मोडताना वाटी वाकत असेल, कडकन तुटत नसेल, तर ओल राहिली आहे असे समजून पुन्हा वाळवावी. बुरशीचा डाग असलेली वाटी खरवडून वापरू नये, सरळ फेकून द्यावी. तेल आणल्यावर काही दिवस हलवू नये. तळाशी गाळ बसला की वरचे तेल कापडातून गाळून कोरड्या काचेच्या बरणीत भरावे. ओल राहिली की मेद फुटून लॉरिक आम्ल मोकळे होते आणि तेलाला साबणासारखी चव व खवट वास येतो. तसे झालेले तेल खाण्यासाठी वापरू नये.

बाजारातली बाटली घेताना वेष्टनावर ‘खाद्य’ असा उल्लेख आणि अन्नपरवाना क्रमांक आहे का ते पाहावे. लहान बाटलीतले खोबरेल तेल खाद्यतेल मानायचे की केशतेल, यावरचा करवसुलीचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. ग्राहकासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की तीच निळी बाटली खाद्यतेल असू शकते, पण सुगंध किंवा औषधी द्रव्ये घातलेले केशतेल कधीही स्वयंपाकात येता कामा नये. फ्रिजमध्ये गोठले म्हणजे शुद्ध, ही घरगुती परीक्षाही अपुरी आहे, कारण त्याच जातीचे पाम कर्नेल तेल मिसळले तरी तेही गोठते.

खाण्यापुरते एवढे पुरे. आता अंगाला लावण्याविषयी, जिथे माझे मत या तेलाच्या बाजूने अधिक ठाम आहे.

केसांच्या बाबतीत २००३ साली मुंबईत झालेला एक अभ्यास आजही आधार मानला जातो. आरती रेले आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली आणि धुण्यापूर्वी लावलेल्या खोबरेल तेलाने केसांतून निघून जाणारी प्रथिने कमी होतात असे दाखवले. लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हा अभ्यास केशतेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्याच संशोधन विभागातून आला हे वाचकाला ठाऊक असावे. पण त्यातले मोजमाप पटण्याजोगे आहे. तेलाने केस तुटणे कमी होते. नवे केस उगवत नाहीत किंवा टक्कल भरून येत नाही. डोक्यात खाज आणि तेलकट पिवळसर कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नये, कारण त्या कोंड्यामागची मॅलासेझिया ही यीस्ट तेलातल्या मेदाम्लांवरच वाढते. कपाळावर पुरळ येणाऱ्या मुलामुलींनीही केसांचे तेल कपाळावर उतरू देऊ नये.

कोरड्या त्वचेला आणि लहान मुलांच्या इसबाला याचा उपयोग होतो. फिलिपिन्समध्ये झालेल्या दोन अभ्यासांत व्हर्जिन खोबरेल तेल एकात ऑलिव्ह तेलापेक्षा आणि दुसऱ्यात खनिज तेलापेक्षा सरस ठरले. त्यातल्या पहिल्यात त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जिवाणूही घटलेले दिसले. अंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असतानाच हलके चोळावे. मधुमेह्यांनी भेगाळलेल्या टाचांना लावावे, पण पायाच्या बोटांच्या बेचक्यात लावू नये, तिथे ओल राहून बुरशी होते. भाजल्यावर लगेच तेल कधीही लावू नये. त्या जागी वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. उन्हापासून बचाव करणारे मलम म्हणून हे तेल निरुपयोगी आहे. सकाळी तोंडात तेल घोळवण्याने दातांवरचा थर काहीसा कमी झाल्याचे लहान अभ्यास आहेत. ज्यांना सवय आहे त्यांनी करावे, मात्र ते दात घासण्याऐवजी नसावे आणि नंतर तेल थुंकून टाकावे.

आता तुमच्या बाळाविषयी. मुंबईच्या शीव रुग्णालयात नवजात बाळांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन इतर गटांपेक्षा चांगले वाढले. मोहरीच्या तेलाने त्वचेचे आवरण दुखावू शकते, खोबरेल तेल मात्र सौम्य आहे, म्हणून मावशींनी हेच तेल वापरावे. तेल कोमट असावे, गरम नसावे, आणि ते आधी त्यांनी आपल्या मनगटावर लावून पाहावे. हातात बांगड्या आणि वाढलेली नखे नसावीत, आणि दूध पाजल्यावर लगेच मालिश करू नये. टाळू भरण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण टाळू दाबू नये. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप भरते आणि तेलामुळे ते लवकर होत नाही. यापुढे घरात तान्हे बाळ आले तर नाळ पडेपर्यंत बेंबीलाही तेल नको, ती कोरडी ठेवावी.

नाकात तेल सोडण्याची गोष्ट मात्र मी प्रत्येक आईला स्वतः समजावून सांगतो. नाकातले तेल घशामागून श्वासनलिकेत उतरते. तेल मऊ आणि न टोचणारे असल्यामुळे पाण्याने येतो तसा ठसका त्याने लगेच येत नाही, आणि बाळाला काही झालेले दिसत नाही. फुप्फुसात साठलेले ते तेल सहज बाहेर निघत नाही आणि त्यातून तेलामुळे होणारा न्यूमोनिया होतो, जो नेहमीच्या प्रतिजैविकांनी हटत नाही. कानात तेल साचले की ओल धरून बुरशी वाढते आणि कान वाहू लागतो. बाळाचे नाक चोंदले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब वापरावेत. आजवर नाकात तेल गेलेच असेल तर घाबरू नका, फक्त मावशींना आजपासून थांबवा. बाळाचा श्वास जोरात चालणे, छातीखालचा भाग आत ओढला जाणे, दूध पिताना दमणे, वारंवार खोकला किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि नाकात तेल घातले जात होते हे त्यांना आवर्जून सांगा, कारण विचारल्याशिवाय ही माहिती सहसा पुढे येत नाही आणि निदान तिच्यावरच अवलंबून असते.